उभ्यानं खेळणारे सर

कॉम्प्युटरचा खेळ उभ्यानं खेळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंगात कॉलेजच्या रंगाची ट्रॅकपँट, गळ्यात शिट्टी आणि समोर कॅरमच्या उंच स्टँडवर ठेवलेला लॅपटॉप. खेळ सुरू करण्याआधी सर खाली वाकून फरशीला हात लावायचे, तो कपाळाला लावायचे, मग दहाही बोटं कडाकडा मोडायचे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही.

"हसता काय मॅडम? मैदानात उतरताना पाया पडत नाही काय आपन?" सर म्हणाले.

ती मोझॅकची फरशी होती आणि तिच्यावर चहा सांडलेला होता. पण सर उतरले की ते मैदान.

सर आमच्या अमरावतीच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक होते आणि मी तिथे कॉम्प्युटर शिकवते. त्यांची खोली आणि माझी लॅब यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीवर त्यांचे पोट्टे दिवसभर चेंडू आपटायचे. मी तक्रार घेऊन गेले की सर म्हणायचे, "भिंत पडली तं सांगजा मॅडम, आमी विटा आनून देऊ." साऱ्या स्टाफमध्ये मी त्यांच्याइतकी कोणाशी भांडले नसेन. आणि निवृत्तीनंतर ज्यांच्या घरी मी आपणहून जात राहिले, असेही तेच एकटे.

सरांचा खेळ कबड्डी. बाकी सगळे खेळ त्यांच्या मते कबड्डीचे लांबचे नातेवाईक. क्रिकेटला ते "उभं राह्याची नोकरी" म्हणत. कॉम्प्युटरच्या खेळांना तर ते नात्यातही घेत नव्हते. लॅबसमोरून जाताना आत डोकावून पोरांना म्हणायचे, "बसा, बसा. चाळिशीत गुडघे बदलून घ्या." हा माणूस एक दिवस मलाच फोन करून कॉम्प्युटरवरचा खेळ मागेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

साथीच्या वर्षी सरांना दवाखान्यात न्यावं लागलं. वाचले, पण छाती पहिल्यासारखी राहिली नाही. डॉक्टरांनी धावणं बंद केलं, शिट्टी फुंकणंही बंद केलं. त्यातच निवृत्ती आली. कॉलेज बंद, मैदानाला कुलूप, म्हणून निरोपाचा कार्यक्रम मोबाइलवरच झाला आणि त्यात सरांचा आवाज कोणालाच आला नाही. ते हात हलवून काहीतरी सांगत होते आणि आम्ही सगळे "सर, म्यूट आहात, सर" म्हणत होतो. नंतर ते आणि वहिनी अकोल्याला आपल्या घरी राहायला गेले. माझं माहेर अकोल्याचंच, सरांच्या घरापासून चालत जाण्याइतकं. आईकडे गेले की तिकडे एक चक्कर व्हायची.

तिथे गेल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, जिंदगीभर पोट्ट्यायले खेळवलं. आता मले कोनीतरी खेळवा. भाच्यानं जुना लॅपटॉप देल्ला हाय, त्याच्यात काय खेळता येते ते सांगा."

मला तरी काय माहीत! मी शिकवते कॉम्प्युटर, खेळत कधीच नव्हते. तेव्हा सगळी पोरं ज्याच्यामागे लागली होती तो बंदुकीचा खेळ मी सुचवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन.

"हे काय देल्लं मॅडम? शंभर जन विमानातून उतरतात, कोनी कोनाले रामराम करत नाही. मागून येऊन गोळी घालतात. पंच नाही, शिट्टी नाही. हा खेळ नोय, हे बसस्टँड हाय."

मग भाच्यानंच त्यांना एक ठिकाण दाखवलं. एकेकट्या माणसानं किंवा दोघातिघांनी मिळून, कोणत्याही मोठ्या कंपनीशिवाय, घरी बसून बनवलेले खेळ तिथे मिळतात. सरांना ती दुनियाच सापडली. कारण विचारलं तर म्हणाले, "मोठ्या खेळात शेवटी नावायची जत्रा लागते, वाचता वाचता चहा थंडा होते. इथं दोन नावं, तीन नावं. भांडाचं तं कोनाशी भांडाचं ते समजते."

आणि ही नावं ते खरोखर वाचायचे. खेळ संपला की सावधान स्थितीत उभे राहून, मोठ्यानं. इंग्रजी स्पेलिंगची मोडतोड व्हायची, नॉर्वेतल्या कोणा बिचाऱ्याचं नाव अकोल्याच्या तोंडात घोळून भलतंच होऊन बाहेर पडायचं. पण वाचल्याशिवाय लॅपटॉप मिटत नसत. मिटला की झाकणावर हलकेच पंजा टेकवायचे. सामना संपल्यावर हात मिळवतात ना, तसा.

खेळ मध्येच थांबवायची वेळ आली, तर ते स्क्रीनवरल्या माणसाला आधी झाडाखाली किंवा घरात नेऊन उभा करायचे. एकदा जेवण गार होतंय म्हणून वहिनींनी दोनदा हाक मारली, तर सर म्हणाले, "थांब ना. ह्याले सावलीत लावतो आन येतो." मे महिन्यातल्या अकोल्यात जन्म काढलेला माणूस! वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माह्यासाठी कधी छत्री नाही आनली."

खेळ पुरा झाला की सर त्याच्याखाली आपलं मत लिहायचे. देवनागरीत आणि थेट वऱ्हाडीत. मी म्हटलं, "सर, हे जगभरातले लोक वाचतात." सर म्हणाले, "मंग वाचू द्या ना. ते त्यायच्या भाषेत खेळ बनवतात, मी माह्या भाषेत बोलतो." लोक मशीनकडून भाषांतर करून वाचायचे. एका परदेशी पोरानं उत्तर पाठवलं, की भाषांतर वाचून तुम्ही माझ्यावर रागावला आहात की तुमचा माझ्यावर जीव जडला आहे तेच कळत नाही. सरांनी लिहिलं, "दोन्ही."

त्यांची काही मतं मला पाठच झाली आहेत. एका साहसाच्या खेळाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "गाव बम सुंदर काढलं. पन तुमचा गडी कोनाच्याबी घरात घुसते, पेट्या उघडते, मडके फोडते, आन घरवाला म्हनते, आज हवा चांगली हाय. आमच्या बाळापूरकडं हे करून दाखवा."

डोंगर चढायचा एक महाअवघड खेळ होता. सर त्यात कित्येक दिवस पडत होते. शेवटी लिहिलं, "लय पडलो. पन हा खेळ पडनाऱ्याले हसत नाही, बोलत नाही, पटकन उभं करते. मी मास्तर होतो तवा मले हे जमलं नाही."

मेलेल्या बापाचं घर आवरणाऱ्या एका बाईचा खेळ होता. त्यात नुसतं फिरायचं, वस्तू उचलून पाहायच्या. सरांचं मत असं, "याच्यात हरता येत नाही. हरता येत नाही त्याले मी खेळ म्हनत नाही. रडलो मात्र. चांगलं हाय."

आणि तो शेतीचा खेळ! सर मूळ शेतकऱ्याच्या घरचे, वावर अजून भाऊ करतो. खेळात बियाणं हातात आलं आणि सर थांबले. पाणी पडलं नव्हतं. जमिनीत ओल नाही तर पेरायचं कसं? खेळात झारी दिलेली होती, कोणीही पोरगं आपलं रोज झारीनं पाणी घालून पीक काढतं. सर पावसाची वाट पाहत बसले. रोज खेळातल्या पोराला झोपवायचे, उठवायचे, आभाळाकडे पाहायचे, पुन्हा झोपवायचे. खेळातला वसंत निघून गेला, वावर कोरडंच. खेळातल्याच शेजारच्या म्हातारीनं येऊन टोमणाही मारला. वहिनींनी हसून हसून डोळे पुसले. सरांनी मत दिलं, "चूक माझी. पन तुमी लोक पेरनीची घाई करता."

त्यांचा एक नियम होता. पूर्ण खेळल्याशिवाय मत द्यायचं नाही. अर्धा सामना पाहून निकाल सांगणारा पंच त्यांना चालत नसे. एका खेळात शेवटी राक्षस उताणा पडतो आणि त्याच्या छातीत तलवार खुपसल्यावर खेळ संपतो. सरांनी त्याला पाडलं आणि हात काढून घेतला. "पाठ लागली, कुस्ती संपली," म्हणाले. खेळ काही संपेना. राक्षस पडलेला, सर उभे. मी म्हटलं, "सर, एक बटन दाबायचंय फक्त." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही. त्या खेळावर सरांनी शेवटपर्यंत मत दिलं नाही.

दुसरी एक खोड मला आधी गमतीची वाटली होती. पाण्याखाली पोहायचा खेळ असला, की स्क्रीनवरला माणूस बुडी मारायचा तेव्हा सर स्वतःही श्वास रोखायचे. वहिनी म्हणायच्या, "ते पान्यात गेले का मी गॅस बंद करून यायच्यापाशी येऊन बसते. काय सांगता येते!" मी सरांना विचारलं तर म्हणाले, "तो बिचारा अंदर गुदमरून राहिला आन मी बाहेर ऐटीत श्वास घेऊ काय?" कबड्डीच्या माणसाचा दमाशी काहीतरी वेगळाच व्यवहार असतो, एवढं मला समजलं.

आता पल्लवीबद्दल सांगायला हवं.

पल्लवी नांदगाव पेठेची, वडील तिथल्या कापडाच्या कारखान्यात. आमच्या कॉलेजात ती माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायची आणि सरांकडे कबड्डी. जीव कशात होता ते विचारायला नको. तासाला यायची ती गुडघ्याला माती लावूनच. सर तिचा दम ऐकून म्हणायचे, "पोट्टीची छाती नोय, लोहाराचा भाता हाय." असं कौतुक त्यांनी दुसऱ्या कोणाचं केल्याचं मला आठवत नाही.

कबड्डीत चढाई करणाऱ्यानं "कबड्डी कबड्डी" म्हणत एका दमात रेघेपलीकडे जायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत रेघेवर परत यायचं. कोणालाच न शिवता परत आलं, तर गुण शून्य. अकोल्यात आंतरमहाविद्यालयीन सामने होते, मी मुलींबरोबर गेले होते. पल्लवीचा गुडघा आधीच्या चढाईत दुखावला होता. तरी ती पुन्हा गेली. रेघ ओलांडली आणि जरा पुढे जाऊन थांबली. तोंडानं दम चालू होता. तिनं गुडघ्याला हात लावला आणि मान वळवून सरांकडे पाहिलं. रेघ तिच्या मागे जवळच होती, सहज परत आली असती. सरांनी हातानं खूण केली, आत जा.

ती गेली. तिघींनी मिळून पकडली, पाय खाली मुडपला. तो आवाज मला बाकावर ऐकू आला.

सामना आम्ही हरलो. पल्लवीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिची कबड्डी कायमची सुटली. सर संत्र्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात आले होते. वॉर्डाच्या दारापर्यंत आले, आत आले नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली आणि निघून गेले. पुढे ती माझ्या तासांना येत राहिली, पण समोरून सर आले की दोघांपैकी एक जण रस्ता बदलायचं. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचंही वाईट वाटायचं. त्यानंतर चढाईला गेलेल्या कोणत्याही पोरानं मागे वळून पाहिलं, की सर दुसरीकडेच बघायला लागायचे.

वर्षं गेली. पल्लवी आता नांदगाव पेठेतल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली, एक पेनड्राइव्ह घेऊन. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून एक खेळ बनवला होता. चित्रं मैत्रिणीची, बाकी सगळं हिचं. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांचे दिवस घालून.

"हा सरांले द्या मॅडम," ती म्हणाली. "त्यायनं म्हटलं का हा खेळ हाय, तं बाजारात आनते. नाही म्हटलं तं राहू देते."

"अगं, सर खेळांवर मतं देतात हे तुला कसं—"

"मी वाचते त्यायचे मतं. सगळे वाचले." ती खाली पाहत म्हणाली. "त्या डोंगराच्या खेळावरचंबी."

मी तिला समजावलं, की जगात इतके लोक आहेत, दहा जणांना दाखव, एका माणसाच्या शब्दावर इतक्या वर्षांची मेहनत कशाला टांगतेस. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जगाचं मले काय करायचं हाय?"

पुढच्याच रविवारी मी अकोल्याला गेले. सरांनी विचारलं, कोणाचा खेळ? मी नाव सांगितलं. ते उठले. आत जाऊन बूट घालून आले. फरशीला हात लावायला वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

खेळ साधा होता. एक मुलगी, तिच्या पायाशी एक रेघ. रेघेपलीकडे अंधारात बुडालेलं गाव. एक बटन दाबून धरलं की तिचा दम सुरू होतो, आणि तो आहे तोवर पळत आत जाऊन घराघरापुढचा दिवा लावून परत यायचं. लावलेल्या दिव्याला गुण. दम किती उरला ते दाखवणारी हिरवी पट्टी वरच्या कोपऱ्यात. दम तुटला तर मुलगी तिथेच खाली बसते आणि दिवे विझतात. गावाच्या टोकाला शेवटचं घर, त्याच्यापुढचा दिवा लावून रेघेवर परत आलं की खेळ संपला.

सरांनी बटन दाबलं आणि तोंडानं सुरू केलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी..."

मी पाहतच राहिले. मुलगी चार-पाच दिवे लावून पुढे निघाली होती, पट्टी अजून जवळजवळ भरलेली होती. इकडे सरांचा आवाज फाटला, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली आणि त्यांनी बटनावरचं बोट उचललं. मुलगी अंधारात खाली बसली.

"सर, पट्टी बाकी होती की!"

"पट्टीचं काय करता मॅडम? दम तं माझा संपला."

मी डोक्याला हात लावला. साथीनं खाल्लेल्या त्या छातीवर हा माणूस एका धडधाकट पोरीसाठी आखलेला खेळ खेळायला निघाला होता. मी हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. खेळ बटनाचा आहे, छातीचा नाही. दुसऱ्या कोणाच्या खेळात करा असं, इथे पोरगी मताची वाट पाहतेय. सर म्हणाले, "दुसऱ्याच्या खेळात चाललं असतं. हिच्या खेळात चोरी करू काय?" वर मला शपथ घातली, की हे तिला सांगायचं नाही. "म्हनन, म्हातारा कीव मागून राहिला."

त्यानंतर पल्लवीचे फोन सुरू झाले. "काय म्हनले सर?" मी म्हणायची, खेळताहेत. पुन्हा फोन, पुन्हा तेच. एकदा ती म्हणाली, "मॅडम, माझा खेळ एका बैठकीत संपते. इतके दिवस कोन खेळते?" आणि मग एकदा अगदी शांत आवाजात म्हणाली, "उघडलाच नसन त्यायनं. त्यायले तसंबी माझ्याकडं पाह्यचं नसते. राहू द्या मॅडम. मी तो खेळ काढून टाकते आता." मी घाईघाईनं म्हटलं, थोडं थांब. कशासाठी थांब, ते मला सांगता येईना. इतकी चिडचिड माझी कधी झाली नव्हती.

तिकडे सर तयारीला लागले होते. दवाखान्यातून घरी येताना श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचं ते प्लास्टिकचं यंत्र देतात ना, ते माळ्यावरून काढून रोज ओढायचे. सकाळी मैदानावर चालायला जायचे, मग चोरून धावायला लागले. रोज दुपारी बूट घालून पल्लवीच्या गावात शिरायचे आणि रोज अर्ध्यात अडायचे. कधी एखादं घर पुढे, कधी मागे.

एक दिवस वहिनींचा फोन आला. "ते आज खेळता खेळता खालीच बसले. ओठ काळे पडले होते. डॉक्टर बोलून गेले, आता हे बंद. पन ते आयकते काय? मॅडम, तो खेळ तुमी आनला, तुमीच घेऊन जा."

मी शपथ गुंडाळून ठेवली. पल्लवीला रजा टाकायला लावली आणि अकोल्याच्या बसमध्ये बसवलं. बडनेरा मागे पडल्यावर सगळं सांगितलं. मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग एकदम उसळून म्हणाली, "मी पट्टी मुद्दाम मोठी ठेवली मॅडम! कोनालेबी पुरावी म्हनून ठेवली. हे मानूस पट्टी पाह्यतच नाही तं मी काय करू?" आणि रडायला लागली. मीही तिच्याबरोबर थोडी रडून घेतली. कंडक्टर दुसरीकडे पाहत होता.

आम्ही पोचलो तेव्हा सर खेळतच होते. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी कुठल्या कानानं ऐकलं होतं देव जाणे. कूलर घरघरत होता आणि त्यावर त्यांचा आवाज, "कबड्डी कबड्डी..." चढाई चालू असताना मैदानाबाहेर पाहायचं नसतं, म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. वहिनी भिंतीला टेकून पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. पल्लवी पाय किंचित ओढत आत आली आणि त्यांच्या मागे जाऊन थांबली.

त्या दिवशी सरांनी एकही दिवा लावला नव्हता. वाटेतल्या सगळ्या घरांना वळसा घालून त्यांनी मुलीला सरळ शेवटच्या घराकडे पळवलं होतं. तो दिवा लावून परत आलं की खेळ संपत होता आणि मत देता येत होतं. घर समोर दिसायला लागलं होतं. पण सरांचा आवाज आता शिट्टीसारखा बारीक झाला होता आणि मान थरथरत होती. दिवा लावून परत रेघेपर्यंत यायला छातीत पुरेसं उरलेलं नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

"सर," पल्लवी म्हणाली, "फिरा मागं."

सरांचं बोट बटनावर तसंच. आवाज चालू.

"सर, मी सांगून राहिली ना. या वापस."

सरांनी मुलीला वळवलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चढाई अर्धी सोडली. मुलगी अंधारातून पळत मागे आली. शेवटी शेवटी सरांचा आवाज निघतच नव्हता, नुसते ओठ हलत होते. मुलगी रेघेच्या अलीकडे आली आणि सर खाली फरशीवर बसले. वहिनींनी धावत जाऊन पाणी दिलं. पल्लवीही गुडघा सांभाळत हळूहळू त्यांच्यासमोर खाली बसली.

स्क्रीनवर मुलगी रेघेशी उभी होती आणि तिच्या डोक्यावर शून्य आलं होतं. श्वास जागेवर येईपर्यंत सर त्या शून्याकडे पाहत राहिले.

"पुरा नाही खेळलो," ते म्हणाले. "पन मत देतो."

"नका देऊ सर. तुमचा नियम—"

"आयक. खेळ हाय. चांगला खेळ हाय. माह्या मतानं मी खेळलो त्याच्यातला सगळ्यात चांगला." थोडं थांबून त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "एक चूक हाय. जे पोरगी जीव सांभाळून वापस आली, तिले तू शून्य देल्ला. वापस येनारीले गुन दे."

पल्लवी त्यांच्याकडे पाहत राहिली. "कबड्डीत कुठं असते असं?"

"नसते." सरांची नजर तिच्या गुडघ्यावर गेली आणि तिथून हलेना. "असायले पाह्यजे होतं."

 वहिनी रिकामा पेला घेऊन तिथेच थांबल्या. मग पल्लवी म्हणाली, "हे त्या दिवशी काहून नाही म्हटलं सर?"

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल, दवाखान्याच्या दारातून गेला होता तसा. पण सर बसून राहिले. त्यांनी मान वर केली आणि किती वर्षांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"त्या दिवशी मले खेळ समजत नोता, पोरी."

पल्लवीनं नाक पुसलं, हात वर करून स्टँडवरचा लॅपटॉप खाली मांडीवर घेतला आणि म्हणाली, "सरका जरासे. किती गुन देऊ ते सांगा."